हात लावू द्या

नवा कॉम्प्युटर जोडून पोरानं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की घरात पहिलं वाक्य येतं ते हे : ‘आता त्याला हात लावू नकोस.’ लगेच दुसरं : ‘दुकानवाल्याला फोन कर.’ आणि पाठोपाठ तिसरं, जरा चढ्या आवाजात : ‘तरी म्हणत होतो, तयारच आणायचा होता.’

तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि पहिलं सगळ्यात जास्त.

नव्यानं जोडलेलं यंत्र पहिल्या दिवशी गप्प राहिलं, तर बहुतेक वेळा त्यात काहीही जळालेलं नसतं. काहीतरी लावायचं राहिलेलं असतं, अर्धवट बसलेलं असतं किंवा शेजारच्या पिनांवर बसलेलं असतं. ते शोधायला पैसे लागत नाहीत, क्रम लागतो. तो क्रम शिकण्याची याहून चांगली संधी पोराच्या आयुष्यात सहसा येत नाही. आणि नेमक्या त्या क्षणी आपण त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतो. हे थांबवा, एवढंच मला आज सांगायचं आहे. बाकीचा मजकूर हे का आणि कसं यासाठी.

हत्यारांचं शहर

आमचं जबलपूर हत्यारांवर जगलेलं शहर आहे. गन कॅरेज फॅक्टरी (जीसीएफ) १९०४ची. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला. लष्कराचे ट्रक बांधणारी व्हेईकल फॅक्टरी १९६९ची. रिज रोडवरच्या टेलिकॉम ट्रेनिंग सेंटरमध्ये १९४२पासून माणसं तारा जोडायला शिकली. इंजिनिअरिंग कॉलेज स्वातंत्र्याच्या वर्षातलं, १९४७चं. अख्ख्या मध्य प्रदेशाच्या विजेचा कारभार रामपूरच्या शक्तिभवनातून चालतो. १९५६ साली हायकोर्ट नागपूरहून इथं आलं, त्याच्याबरोबर मराठी कुटुंबंही आली. त्याआधी भोसल्यांच्या काळापासूनची होतीच. त्यातली कितीतरी माणसं कोर्टाइतकीच या कारखान्यांत, बिजली बोर्डात आणि टेलिफोन खात्यात रुळली. घरात फ्यूज उडाला तर मेणबत्ती धरून कुणीतरी तार बांधायचं. रेडिओ खरखरला तर मागचं झाकण उघडायचं. त्यात कुणाला पराक्रम वाटत नव्हता.

त्या माणसांची नातवंडं आज मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये जाऊन प्रोसेसर एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, कॅबिनेट तिसऱ्यातून घेतात आणि घरी बसून जोडतात. मला हे फार चांगलं लक्षण वाटतं. मोबाइल उघडता येत नाही, लॅपटॉप उघडला तर आत बरंचसं चिकटवलेलं असतं. हाताने जोडायचं, बघायचं, सोडवायचं असं एकच यंत्र आता घरात उरलं आहे, ते म्हणजे टेबलाखालचा डब्बा. तोही पोराच्या हातून काढून घेतला तर त्याच्याकडे फक्त काच उरते, वरून बोट फिरवायला.

बटण काय करतं

आधी एक समज दुरुस्त करू. पुढचं बटण दाबलं की वीज जोडली जाते, हे जुन्या यंत्रांबाबत खरं होतं. तेव्हाचं बटण जाडजूड असायचं, दाबलं की खट्ट आवाज यायचा आणि भिंतीतली वीज थेट आत यायची. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स ही रचना आणली आणि बटणाचं काम बदललं. आता बटण वीज जोडत नाही, फक्त मदरबोर्डाला कळवतं.

घडतं ते असं. भिंतीचं बटण चालू असलं की एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधली वीजपुरवठ्याची पेटी, बोर्डाला ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा सतत देत राहतो, यंत्र बंद असतानाही. पुढचं बटण दाबलं की दोन तारा क्षणभर एकमेकींना टेकतात. तेवढ्यानं बोर्ड जागा होतो आणि एका तारेवरून एसएमपीएसला सांगतो, सुरू हो. मग एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मोठे पुरवठे सोडतो. ते स्थिरावले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत ‘सगळं ठीक’ असा संकेत बोर्डाला परत देतो. तो मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो.

भिंत, एसएमपीएस, बोर्ड, बटण, पुन्हा एसएमपीएस, मग प्रोसेसर. साखळी सरळ आहे. आणि साखळी सरळ असली की कुठली कडी सुटली ते शोधता येतं, नशिबाला बोल लावायची गरज पडत नाही.

म्हणून ‘चालूच होत नाही’ एवढ्यावर थांबू नका. पोराला विचारा, नेमकं काय होतं? अजिबात हालचाल नाही? पंखा थोडा फिरून थांबतो? की पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळा? या तीन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. तिन्हींना एकच औषध देणारा माणूस दुकानात असो की घरात, त्यानं यंत्राकडे नीट बघितलेलं नाही.

लाइन कुठपर्यंत आली

आमच्या शहरात, रांझीतल्या एका मराठी घरात हे मी जवळून पाहिलं. नातू इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. आजोबा, त्यांना घरात सगळे आबा म्हणतात, जीसीएफमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. कॉम्प्युटर त्यांनी कधी चालवलेला नाही. कॅबिनेट जमिनीवर आडवं, नातू गुडघ्यावर, वडील खिडकीशी फोन लावत उभे. बटण दाबलं तरी काही नाही. पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही.

‘आबा, मदरबोर्ड गेला वाटतं.’

‘गेला की राहिला ते नंतर. लाइन कुठपर्यंत आलीय ते सांग.’

नातवाला आधी प्रश्नच कळला नाही. आबांनी त्याला कॅबिनेटची वायर काढायला लावली आणि त्याच सॉकेटला टेबल लॅम्प लावायला सांगितला. लागला. मग एसएमपीएसच्या मागचा काळा खटका बघायला लावला. गोल शून्याची खूण दाबलेली असेल तर बंद, रेघेची असेल तर चालू. चालू होता. मग टॉर्च आत धरला. बोर्डाच्या कोपऱ्यात एक बारीक दिवा लागलेला होता.

‘म्हणजे इथपर्यंत बिजली आहे,’ आबा म्हणाले. ‘मागचं सोड आता. दोष याच्या पुढे आहे.’

फोन अजून लागत नव्हता. नातवानं बोर्डाबरोबर आलेली पुस्तिका काढली, तोवर ती प्लॅस्टिकमधून बाहेरही आली नव्हती. बोर्डाच्या खालच्या काठाला पिनांच्या दोन छोट्या रांगा असतात. कॅबिनेटच्या बटणाची, रीसेटची आणि दिव्यांची टोकं तिथं बसवायची. चित्र आणि बोर्ड यांच्यावर टॉर्च आळीपाळीनं फिरला. बटणाचं टोक वरच्या रांगेऐवजी खालच्या रांगेत, रीसेटच्या पिनांवर बसलेलं होतं. बटण दाबलं जात होतं, निरोपही जात होता, पण चुकीच्या दारावर.

ते टोक त्यानं काढलं. आबांनी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. त्याच्या टोकानं बरोबरच्या दोन पिना क्षणभर जोडल्या आणि पंखे फिरले. वडिलांनी फोन खाली घेतला.

पडदा मात्र काळाच होता. पण आता नातू घाबरला नाही. पंखे फिरतायत म्हणजे वीज आली, मग चित्र कुठून निघतं ते बघू, असं स्वतःशीच पुटपुटत तो मागच्या बाजूला गेला. मॉनिटरची केबल बोर्डाच्या तोंडाला लावलेली होती. त्याच्या प्रोसेसरमध्ये चित्र काढण्याची सोयच नव्हती, ते काम ग्राफिक कार्डाचं होतं. केबल कार्डाला लावली आणि कंपनीचं चिन्ह झळकलं. हे आबांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. नातवानं ते स्वतः काढलं, कारण शोधायचं कसं हे एव्हाना त्याच्या हाती लागलं होतं.

त्या घरात त्या संध्याकाळी एक रुपयाही खर्च झाला नाही. फोन लागला असता तर डब्बा रिक्षात बसून बाजारात गेला असता. दोष तिथंही मिळालाच असता, पण नातवाला तो दिसला नसता.

थोडा फिरून थांबणारा पंखा

दुसरी तक्रार जास्त भीती घालते. बटण दाबलं, पंखा अर्धा फेरा फिरला, थांबला. काही यंत्रं हेच पुन्हा पुन्हा करतात. घरातले लोक म्हणतात, जळालं.

उलट आहे. तिथं बहुधा एसएमपीएस आपलं काम करतो आहे. त्याच्या आत संरक्षणाची व्यवस्था असते. कुठं शॉर्ट झालं, करंट प्रमाणाबाहेर ओढला गेला, की तो पुरवठा तोडतो. त्यानं तोडलं म्हणून बोर्ड आणि प्रोसेसर वाचण्याची शक्यता वाढते. आता प्रश्न एवढाच : त्याला काय खटकलं?

विजेच्या शहरातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. ३० जुलै २०१२च्या पहाटे उत्तर भारताची ग्रिड कोसळली. दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला दुपारी एक वाजता, उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन ग्रिड एकदम बसल्या. साठ कोटींहून जास्त लोकांचा प्रदेश अंधारात गेला. सुरुवात कुठं झाली? आपल्याच राज्यात, ४०० केव्हीच्या बीना-ग्वाल्हेर लाइनवर. चौकशीत दिसलं की त्या लाइनमध्ये दोष नव्हता. तिच्यावरून वाहणारा भार इतका वाढला होता की संरक्षण करणाऱ्या रिलेला तो दोषासारखा दिसला आणि त्यानं लाइन तोडली. राज्यांनी आपल्या वाट्याहून जास्त वीज ओढली होती, आधीच काही लाइनी बंद होत्या, बाकीच्यांवर ताण आला.

त्यातून बाहेर पडण्याची रीत इथं उपयोगी आहे. कोसळलेली ग्रिड सगळी बटणं एकदम दाबून उभी राहत नाही. बाहेरच्या विजेशिवाय सुरू होऊ शकणारी जलविद्युत किंवा वायूवरची केंद्रं आधी चालवतात, तिथून औष्णिक केंद्रांपर्यंत वीज नेतात, मग भार थोडा थोडा जोडतात, प्रत्येक टप्प्यावर थांबून बघतात. आपलं राज्य भार प्रेषण केंद्र जबलपुरातच आहे. तिथल्या इंजिनिअरला हे सांगावं लागत नाही.

घरातल्या डब्ब्यालाही हाच नियम. वायर काढा. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर घ्या आणि तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर ठेवू नका, तिच्यातून वीज वाहू शकते. बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी. एसएमपीएसची दोन टोकं : २४ पिनांचं मोठं आणि प्रोसेसरजवळचं ८ पिनांचं छोटं. बाकी सगळं बाजूला. आता बटणाच्या दोन पिना क्षणभर जोडून बघा. चालू राहिलं तर बोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस बहुधा ठीक आहेत. मग एकेक वस्तू वाढवा. ज्या वस्तूवर थांबेल तिथं दोष.

बाहेर चालणारा बोर्ड कॅबिनेटमध्ये गेल्यावर बंद पडतो, असंही घडतं. तेव्हा कॅबिनेटच्या पत्र्याकडे बघा. बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर उभा राहतो, त्या बोर्डाच्या भोकांखालीच हव्यात. एखादी जास्तीची खुंटी भलत्या जागी राहिली तर ती बोर्डाच्या पाठीला टेकते आणि शॉर्ट करते. खाली घरंगळलेला एक स्क्रूसुद्धा तेच करतो. लाखमोलाची वाटणारी भानगड एका स्क्रूची निघते, आणि तो स्क्रू चिमट्यानं काढणारं पोर पुढे कुठल्याही यंत्रासमोर बिचकत नाही.

पंखे फिरतात, पडदा काळा

तिसरी तक्रार सगळ्यात जास्त दिशाभूल करते, कारण यंत्र जिवंत दिसतं. इथं चार-पाच गोष्टी ओळीनं तपासायच्या.

प्रोसेसरचं ८ पिनांचं टोक लावलंय का? बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या मागं दडलेलं असतं, हमखास विसरतं. ग्राफिक कार्डाचं टोकही ८ पिनांचं असतं, पण दोन्ही एक नाहीत. प्रोसेसरचं चार आणि चार असं फुटतं, कार्डाचं सहा आणि दोन असं. जोर लावून भलतं बसवू नका.

रॅम पूर्ण बसलीय का? खटका वाजेपर्यंत दाबावी लागते, नवशिका घाबरून अर्ध्यावर सोडतो. एकच पट्टी असेल तर चार खाचांच्या बोर्डावर ती सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लागते. पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

बोर्डावर चार छोटे दिवे आहेत का? बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक आणि बूट अशी नावं दिलेले दिवे असतात. जो लागून राहिला तिथं गाडी अडली. बोर्ड स्वतः उत्तर देतो आहे, ते वाचा.

बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा आहे का? दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या बोर्डातल्या बायोसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, नंतर बाजारात आलेला प्रोसेसर ओळखता येत नाही. दोघंही निर्दोष, ओळख नाही. बायोस नवा केला की काम होतं, आणि काही बोर्डांना हे पेन ड्राइव्हवरून, प्रोसेसर न लावताही करता येतं.

आणि धीर धरलात का? डीडीआर-५ रॅम असलेलं यंत्र पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करत बसतं. त्याला काही मिनिटं लागू शकतात. पडदा काळा, पंखे चालू, आणि माणूस वैतागून बटण बंद करतो. पुन्हा सुरू केलं की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळात हात मागं ठेवणं हेही शिकायचं काम आहे.

एक मर्यादा, ती पाळायचीच

हात लावू द्या म्हणतो तेव्हा एक रेघ ठळक ओढतो. एसएमपीएसची पेटी उघडायची नाही. कुणीच नाही. २३० व्होल्टचा पुरवठा आत गेल्यावर तिथल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यावरही काही काळ राहतात. मदरबोर्डावर सगळ्यात जास्त १२ व्होल्ट असतात. तिथं चूक झाली तर वस्तू जाईल. पेटीत चूक झाली तर माणूस जाईल. पोराला हा फरक आकड्यांसकट सांगा. ‘डेंजर आहे’ एवढंच सांगितलं तर ते सगळ्यालाच घाबरतं किंवा कशालाच घाबरत नाही.

एसएमपीएस एकटा तपासायचा असेल तर तो न उघडता तपासता येतो. वायर काढून, सगळ्या वस्तूंपासून तो सोडवायचा, २४ पिनांच्या टोकातल्या १६ आणि १७ क्रमांकाच्या पिना तारेच्या तुकड्यानं जोडायच्या आणि मग वीज द्यायची. जुन्या एसएमपीएसमध्ये या तारा हिरवी आणि काळी असायच्या, हल्ली सगळ्याच काळ्या असतात, तेव्हा क्रमांक चित्रावरून मोजा. पंखा फिरला तर तो निदान जागा होतो. भाराशिवाय पंखा न फिरवणारे एसएमपीएसही असतात, त्यांच्यासाठी मल्टिमीटर लागतो. १२च्या तारेवर ११.४ ते १२.६च्या दरम्यान आकडा हवा. हे काम मोठ्या माणसाला शेजारी घेऊनच.

आणि केबलची अदलाबदल नको. सुट्या केबलींच्या एसएमपीएसमध्ये एका कंपनीची केबल दुसऱ्याला बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. मित्राकडची जुनी केबल लावून नवी हार्ड डिस्क जाळल्याचे प्रकार होतात.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हीही तक्रार आपल्याकडे घरोघर आहे, आणि लोक ती नेहमीची म्हणून सोडून देतात. सोडू नका. एसएमपीएसमधले गाळणीचे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो बारीक करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर भिंतीच्या व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास दाब राहतो आणि टेस्टर लागतो. नव्या यंत्राचा यात काही दोष नाही, घराच्या वायरिंगचा आहे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात लावणारी घरं मी पाहिली आहेत. पन्नास-साठ हजारांचं यंत्र आणायचं आणि अर्थिंगला इलेक्ट्रिशियन बोलवायचा नाही, हा हिशेब चुकीचा आहे. मे महिन्यात जमीन कोरडी पडली की जुनं अर्थिंगही कमजोर होतं. कॉम्प्युटरच्या निमित्तानं ते तपासून घेतलं तर फ्रिज आणि गिझरच्या शेजारी वावरणारी घरातली सगळी माणसं सुरक्षित होतील.

दुकानदारांना

जयंती कॉम्प्लेक्समधली, किंवा नागपूरच्या, पुण्याच्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरची मुरलेली मुलं असा दोष बघता बघता काढतात. त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. त्यांची पद्धत अदलाबदलीची असते : फळीवरची चालू रॅम लावून बघ, चालू एसएमपीएस लावून बघ. घरात फळी नसते, म्हणून घरातल्या माणसाला विचार करावा लागतो. दोन्ही पद्धती रास्त आहेत.

माझी मागणी वेगळी आहे. दोष गिऱ्हाइकासमोर काढा. ‘ठेवून जा, संध्याकाळी या’ म्हणू नका. पिन चुकली होती तर पिन चुकली होती असं सांगा, त्याचे वाजवी पैसे घ्या, पोराला एकदा दाखवा. ते पोर पुढचा बोर्ड तुमच्याकडूनच घेईल. पक्कं बिल द्या, त्यावर वस्तूचा अनुक्रमांक लिहा. आणि गिऱ्हाइकांनो, १८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घेऊ नका. वस्तू खरोखरच सदोष निघाली, आणि काही निघतात, तर तेव्हा वॉरंटी आणि २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा या दोन्हींसाठी हातात बिल लागतं. चिठ्ठीवर कुणी दाद देत नाही.

काचेच्या कॅबिनेटला आणि रंगीत दिव्यांना हजारो रुपये देऊन एसएमपीएस सगळ्यात स्वस्त घेणाऱ्यांनाही सांगतो : क्रम उलटा करा. बाकी प्रत्येक वस्तू त्याच्या भरवशावर जगते.

शाळांना

शाळेत कॉम्प्युटर शिकवतात, पण डब्बा उघडत नाहीत. पोरं फळ्यावरून चौकटी उतरवून घेतात : इनपुट, प्रोसेसर, मेमरी, आउटपुट. परीक्षेत तीच चौकट काढून गुण मिळवतात. रॅमची पट्टी हातात धरलेली नसते.

मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९५०च्या दशकात तरुणांच्या एका छोट्या गटानं कॉम्प्युटर बांधला. १९५६ मध्ये त्याची प्राथमिक प्रत चालली, १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागलं, १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. निर्वात नळ्या, डायोड, रोध यांची हजारो जोडकामं होती ती. पुढे अमेरिकेनं महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकनं विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. भटकर अकोला जिल्ह्यातले, नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजमधून इंजिनिअर झालेले. या दोन्ही यंत्रांचं नाव आपण अभिमानानं घेतो. अभिमान खरा असेल तर ज्या सवयीतून ती यंत्रं झाली ती सवय पोरांना द्यावी लागेल : जोडून बघणं, न चालल्यास एकेक कडी तपासणं.

सोय तयार आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना काढून स्थानिक कारागिरांबरोबर काम शिकण्याची तरतूद आहे. त्यातला एक दिवस यासाठी द्या. प्रत्येक शाळेच्या अडगळीत जुने डब्बे धूळ खात पडलेले असतात. एका टेबलावर एक डब्बा आणि चार पोरं. शिक्षकानं आधी एक तार काढून ठेवायची आणि म्हणायचं, चालू करा. जीसीएफचा निवृत्त फिटर, बिजली बोर्डाचा निवृत्त इंजिनिअर, टेलिफोन खात्याचा लाइनमन, आमच्या शहरात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांना बोलवा. मानधन नाही दिलं तरी ती येतील, मान द्या.

मराठी मंडळांनाही हेच सांगणं. गणपतीत आणि दत्तजयंतीला आपण जमतो, नाटकं बसवतो, पाककृतींच्या स्पर्धा घेतो. त्यात एक दुपार दुरुस्तीची ठेवा. घरातलं बंद यंत्र घेऊन या, सगळ्यांसमोर उघडू. आजी-आजोबांनी टॉर्च धरायचा, नातवंडांनी हात घालायचा. मराठी टिकवायची असेल तर ती अशा कामाच्या टेबलावर बोलली गेली पाहिजे.

आईवडिलांना शेवटचं. पोरगी असो की पोरगा, दोघांच्याही हातात स्क्रू ड्रायव्हर द्या. ‘मुलींचं काम नाही’ म्हणणाऱ्या काकांना तिथल्या तिथं गप्प करा. पोरानं एखादी पिन वाकवली तर ओरडू नका. नुकसान किती झालं ते त्यालाच मोजायला लावा आणि पुढच्या वेळी टॉर्च जवळ धरायला सांगा. आणि येत्या वाढदिवसाला आणखी एक हेडफोन आणण्याऐवजी मल्टिमीटर आणा. साधा चांगला मल्टिमीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो.